तीन टिंबांची फियाट

अंबरपेठ, हैदराबाद
९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. जयवंता वहिनींना धाकट्या एकनाथचा पायांना हात लावून नमस्कार.

मी इकडे बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. तुम्ही डोळ्यांत थेंब वेळेवर घालता की नाही ते आधी कळवा. थेंब घातल्यावर लगेच गॅसजवळ जाऊ नका, असं इथला मेडिकलवाला म्हणाला. बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नका, मंगला दूध काढताना पाडेल. सून म्हणून ती चांगली आहे, पण घाईची आहे. हे तिला सांगू नका.

तिच्याकडून वाचून घ्यायची वेळ येऊ नये म्हणूनच हे स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहितो आहे. एका पानावर दहाच ओळी बसतात. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यातही निम्मा वेळ गॅरेजात, तेव्हा चुका पोटात घाला. फोनवर मला बोलता येत नाही. तुम्ही विचारता, भाऊजी सगळं ठीक ना, आणि मी ‘हौ, सगळं ठीक’ म्हणून ठेवून देतो. मग दिवसभर काय बोलायचं राहिलं तेच डोक्यात फिरत असतं.

तुमचं पत्र पोचलं. २१ ऑक्टोबरला काचीगुड्याला उतरणार, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात भरती. उजवा गेलाच आहे आणि डाव्याचीही डॉक्टर खात्री देत नाहीत, हे वाचून मी चष्मा काढून बसून राहिलो. खाली तुम्ही मंगलाकडून लिहून घेतलंत की ऑपरेशनच्या आधी एकदा फियाटमध्ये ह्यांच्या शेजारच्या जागेवर बसून तलावाकाठी टँकबंडपर्यंत जायचं आहे, दिसतंय तोवर.

जाऊ की. गाडी छान आहे. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण टपावर धूळ बसू दिली नाही. तुम्ही विचारलंत की दरवर्षी दसऱ्याचा फोटो उजव्या बाजूनेच का पाठवतो. शेडमध्ये डाव्या बाजूला भिंत आहे, मागे सरकून फोटो काढायला जागाच नाही. म्हणून.

बाकी, गॅरेज बंद केल्यापासून हात रिकामे होते, पण सध्या एका गिऱ्हाईकाचं काम घेतलं आहे. त्याची गाडी आपल्यासारखीच, साठ सालची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे तीच. बिचारीचे निम्मे पार्ट गेलेले आहेत. ते शोधत गुरुवारी जुम्मेरात बाजार, एरवी राणीगंजची दुकानं आणि ऑटोनगरमधला गौसभाईचा भंगारवाडा, असं फिरतो. गौसभाई तुम्हाला आठवेल, दादाकडे यायचा, तेव्हा त्याची दाढी काळी होती. त्याच्या वाड्यात गाड्या एकीवर एक अशा रचलेल्या असतात आणि खालच्या गाडीतलं काही हवं असलं की वरच्या चार हलवाव्या लागतात. तो म्हणतो, मिस्त्री, साठ सालचं सामान आता लोखंडात नाही मिळत, नशिबात मिळतं. मला तो हात लावू देत नाही, स्टूल देतो. मी सांगतो आणि तो शोधतो.

गाडीची काळजी करू नका. तिचं मी बघतो. तिकीट खालच्या बर्थचं काढा.

आपला
एकनाथ


अंबरपेठ
२९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. वहिनींना नमस्कार.

तिकीट खालच्या बर्थचं मिळालं हे बरं झालं. तरी रात्री कोणी बदलून मागितलं तर देऊ नका. लोक म्हाताऱ्या माणसालाच विचारतात.

गिऱ्हाईकाचं काम निम्म्याच्या वर आलं. इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप मिळाला, कार्बोरेटर दोन मोडक्यांचा मिळून एक केला. डाव्या हेडलाइटचं मात्र हसण्यासारखं झालं. कुठेच मिळेना. शेवटी गौसभाई म्हणाला, नल्लकुंट्याला एक नवीन कॉफीचं हॉटेल निघालं आहे, तिथे पोरांनी जुन्या गाड्यांचे हेडलाइट दिवे म्हणून टांगलेत. मी गेलो. तिसऱ्या टेबलावर होता, आपल्याच मॉडेलचा. त्याच्याखाली बसून तीन दिवस कॉफी प्यालो. साखर वेगळी देतात, मला ते पुडकं फाडता येत नाही, तशीच कडू प्यालो. चौथ्या दिवशी मालकीणबाईला, ऋचा नाव तिचं, मूळची पुण्याची आहे, सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, आम्हाला वाटलं तुम्हाला कॉफी आवडते. माझ्याकडचे चार व्हीलकप भिंतीला लावायला घेतले आणि दिवा उतरवून दिला.

आता गंमत. परवा गौसभाईच्या ढिगातून एक डायनामो निघाला. मी सवयीने त्याच्या बुडाला अंगठा फिरवला, आणि तीन टिंबं लागली. दादाची. पंच ठोकून केलेली, दोन खाली आणि एक वर, तशीच. तुमच्या डब्यांवर आणि पातेल्यांवर आहेत तशी. बाकीच्या बायका भांड्यांवर नाव घालून घ्यायच्या आणि तुमच्या भांड्यांवर दादाने घरीच पंच मारून दिला होता, म्हणाला, गॅरेजातलं असो की घरातलं, आपलं आहे ते बोटाला कळलं पाहिजे. मी तो डायनामो मांडीवर घेऊन बसलो आणि गौसभाईने चहा सांगितला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

हे लिहायला नको होतं. तुम्ही विचाराल की दादाच्या गाडीचा डायनामो भंगारात कसा. दुसऱ्या कोणाची टिंबं असतील. पत्र फाडून नवीन लिहावं तर स्केचपेन संपत आलं आहे. तेवढं सोडून वाचा.

दुपारचे थेंब चुकवू नका.

एकनाथ


अंबरपेठ
१३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. वहिनी,

काल दसरा झाला. गाडीला हार घातला. फोटो या वेळी पाठवत नाही. कारण पुढे लिहितो.

तुम्ही पत्राचं उत्तर पाठवलं नाहीत. मंगलाने फोनवर सांगितलं की सासूबाईंनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. तुम्हाला कळलं असणार. नसलं कळलं तर आता कळेल. नवीन स्केचपेन आणलं आहे.

गिऱ्हाईक कोणी नाही. ती गाडी आपलीच आहे.

तुम्ही नांदेडला हर्षवर्धन-मंगलाकडे राहायला गेलात त्या दिवशी चावी माझ्या हातात देऊन म्हणालात, “भाऊजी, उभी राहिली तरी चालेल, पण ती ह्यांची राहू द्या.” मी मान डोलावली. त्यानंतर चौथ्या महिन्यात गॅरेजसमोर एकाची फियाट बंद पडली. मागच्या सीटवर त्याची आई होती, दवाखान्यातून घरी नेत होता, हाताला सुईची पट्टी तशीच. गाडीतला पेट्रोलचा पंप गेलेला. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. मी शेडमध्ये आलो आणि दादाच्या गाडीचा काढून त्याला बसवला. उभ्या गाडीचा पार्ट चालत्या गाडीला द्यायचा आणि दुसरा मिळाला की परत बसवायचा, ही रीत दादानेच शिकवलेली. दादा परत बसवायचा. मी उद्या उद्या म्हणत राहिलो.

मग एका डॉक्टरला डायनामो दिला. मग गाडी सुरू करायचा सेल्फ. मग हेडलाइट. शहरात फियाटचं सामान मिळेनासं झालं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं की एकनाथ मिस्त्रीच्या शेडमध्ये एक उभी आहे. कोणी दारात येऊन अडलो म्हणाला की मला नाही म्हणता यायचं नाही. आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं. दादा गेल्यावर मला कोणी विचारत नव्हतं. दादाचा पार्ट काढून दिला की लोक म्हणायचे, हिम्मतरावांचा भाऊ शोभतो. सहा वर्षांत बोनेटखाली इंजिनाचा ठोकळा तेवढा राहिला. तुम्हाला फोटो उजव्या बाजूने पाठवत होतो, कारण डाव्या बाजूला हेडलाइटच्या जागी भोक होतं. भिंत आहे, पण जागाही आहे. दर दसऱ्याला मी रिकाम्या गाडीला हार घालून, तुम्हाला दिसेल तेवढीच बाजू पुसली.

तुमचं पत्र आल्यापासून शोधत होतो. गेल्या आठवड्यात सगळे पार्ट जमले. दादाचा परत मिळाला तो एक डायनामोच, त्या डॉक्टरची गाडी भंगारात गेली तेव्हा आला असणार. बाकी सगळे दुसऱ्या गाड्यांचे. मला काळजी पडली की तुम्ही बोनेट उघडायला सांगाल आणि बोट फिरवाल. तुम्ही फिरवणारच. गौसभाईला हे बोललो. तो ग्लास धूत होता, मागे न बघता म्हणाला, “भाभी को दिखताइच कां है मियाँ. कुछ बी लगा दो, ऊपर से तीन टिपके मारो. इत्ता नक्को सोचो.”

त्याच्या मनात वाईट नव्हतं. मी त्रासलेला त्याला बघवत नाही. आणि मी ऐकलं त्याचं, वहिनी. घरी आलो, दादाचा पंच काढला, तोच, ज्याच्या डोक्याच्या कडा हातोडी खाऊन मिशांसारख्या फुटल्यात. सेल्फ पालथा घातला. एक टिंब मारलं. दुसरं मारलं. मग बोट फिरवून बघितलं, हुबेहूब बसतंय का. तुम्ही जसं फिरवाल तसं, डोळे मिटून. आणि मला इतकी लाज वाटली की हातोडी खाली ठेवताना हातातून सुटून पायावर पडली. आतापर्यंत मी तुमच्यापासून लपवत होतो. दिसत नाही म्हणून तुमच्या बोटांना फसवायला निघालो, हे त्याच्याही पुढचं झालं. पाय बरा आहे, नख काळं झालं आहे फक्त.

गौसभाईला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाला, “तो तुमारा टिपका मारो ना मिस्त्री. तुमारा बी तो होयंगा.”

माझं आहे. मी विसरलोच होतो. गॅरेजात आलो तेव्हा दादाने मला माझ्या पान्यांवर खूण करायला लावली होती. तू धाकटा, तुला एक, म्हणाला. तेव्हा आता असं केलं आहे. डायनामोवर तीन टिंबं आहेत. इंजिनाच्या ठोकळ्यावर, दारांच्या आतून, स्टिअरिंगच्या खाली तीन आहेत, ती कधी हलली नाहीत. बाकी जे जे मी घालवलं आणि शोधून आणलं, त्यावर एक. सेल्फवर दोन आहेत, ती तशीच ठेवली. तिथे बोट लागलं तर समजा की इथे एकनाथ थांबला.

गाडी चालते. काल पुलापर्यंत नेऊन आणली. ब्रेक थोडे उजवीकडे ओढतात, तेवढं बघतो आहे. पण तुम्ही ठेवायला दिली होतीत ती ही नाही. तुम्हाला बसायचं नसेल तर मी समजेन. तसं असेल तर रिक्षा घेऊन येतो, पण येतो मीच. हमालाला बॅग देऊ नका, मी प्लॅटफॉर्मवर आत येईन.

एक राहिलं. हॉर्न.

तो मी कोणाला दिला नाही. दोघांनी मागितला, मी फुटला म्हणून सांगितलं. पार्ट जायला लागले तेव्हाच काढून घरात आणला होता, माझाच माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून. दादाच्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात होता. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बॅटरीला लावून दोनदा वाजवायचो, दादा गल्लीच्या तोंडाशी वाजवायचा तसा. तुम्ही पिठाच्या हातांनी फाटक उघडायला यायचात आणि कडीला पीठ लागायचं. शेजारी विचारायचे, मिस्त्री, गाडी सुरू झाली का. मी म्हणायचो, होईल.

आता तो त्याच्या जागेवर बसवला आहे. त्याच्या पाठीला तीन टिंबं आहेत, बघालच.

२१ तारखेला स्टेशनबाहेर पायऱ्यांपाशी आलात की क्षणभर थांबा, तुम्हाला तिथे सोडून मी पुढे जाईन आणि गाडीत बसेन. डोळ्यांवर ताण देऊन शोधू नका. रिक्षा आणि बसेस फार असतात, दिसणार नाही. मी दोनदा वाजवीन. यायचं असेल तर त्या बाजूला या. नाहीतर उभ्याच राहा, मी उतरून रिक्षा करतो आणि एक शब्द बोलणार नाही.

हर्षवर्धनला आणि मंगलाला आशीर्वाद. तिला हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल.

सही खाली करतो आहे. सहीच्या पुढे कागदाला पाठीमागून पंच दाबला आहे, पानाखाली टॉवेल घेऊन, भोक पडू न देता. बोट फिरवा, लागेल.

तुमचा
एकनाथ  ·