आईच्या मशीनवरचा दिवा

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चि. बारकीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. दुकान चालू आहे. समोरच्या चष्मेवाल्यानं नवी पाटी लावली आणि तिसऱ्याच दिवशी तिची अर्धी अक्षरं विझली. आता तो मला रोज चहा पाजतो आणि मी रोज "उद्या बघते" म्हणते. शिंपीकाका आईकडे आठवड्याला वीस शर्ट काजं करायला टाकून जायचे, ते मात्र दीड महिना आले नव्हते. त्याचं कारण पुढे येईलच.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, आईच्या शिलाई मशीनसाठी मी केलेला दिवा माझ्याकडे पाठव, त्याच्याच उजेडानं तिचे डोळे बिघडले असतील तर मला बघू दे. रडलीससुद्धा. दिवा या खोक्यात आहे. आधी पत्र वाच, मग स्क्रू काढ. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्ये बोलतेस आणि मला थांबायला तेवढं निमित्त पुरतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला दोनदा तपासलं. दोन्ही वेळा म्हणाल्या, वयाच्या मानानं नजर छान आहे. आईचा विश्वास बसेना. आतल्या खोलीत मशीनवर बसलं की तिला टाका दिसत नव्हता, मग डॉक्टरीणबाईंचं ऐकून काय करणार? लांबचं दिसतं, जवळचं गेलं, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. शिंपीकाकांना नाही म्हणाली. मशीन विकायला काढलं. तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं कबूल केलं तेही त्याच आठवड्यात. तुला वाटलं, इतकी वर्षं विनवल्यावर आई शेवटी मानली. मानली कसली, घाबरली होती.

आता मुळावर येते. बाबांच्या मागे त्यांच्या वीज-दुरुस्तीच्या दुकानात मी बसले आणि तू शिकायला गेलीस. हे तुला ऐकवायला लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण ऐकवायलाच लिहिते आहे. वीस वर्षं ऐकवतेच आहे. हातात सोल्डरिंगचं आयर्न तुला मी दिलं. तू बोट भाजून घेतलंस आणि बोलणी मी खाल्ली.

आईच्या मशीनसाठी पहिला दिवा मी केला होता, आठवतो? एक कपॅसिटर, चार डायोड, एलईडीची पट्टी, झालं काम. मेन्सची, म्हणजे घरात येणारी वीज जशी वरखाली होते तसा त्यातला करंटही व्हायचा, आणि दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या भरभर लुकलुकायचा. त्या उजेडात मशीनची पळती सुई थांबल्यासारखी दिसते. आईला ती थांबलेली वाटली, तिनं बोट पुढे केलं आणि सुई नखातून आरपार गेली. तरी मला एका शब्दानं बोलली नाही. डोकं दुखायचं, तेही सांगितलं नाही. दोन वर्षं त्याच दिव्याखाली बसली.

मग तुझा दिवा आला. पहिल्याच दिवशी तिनं चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला आणि शेजारणीला हाक मारून दाखवला. म्हणाली, "माझ्या बारकीनं करंट असा धरून ठेवलाय, जरा हलत नाही." मी इतकी वर्षं तिच्यासमोर बसून दिवे दुरुस्त करते, करंट म्हणजे काय असं तिनं मला कधी विचारलं नव्हतं. माझा दिवा माळ्यावर गेला. माझा नुसता तिळपापड झाला.

ती बाजारात गेल्यावर मी तुझा दिवा उघडला, खोड काढायलाच. सापडली नाही. इतकं नेटकं सर्किट माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. आधी अभिमान वाटला. मग असं काही पोटात दुखायला लागलं की खोड सापडत नाही तर आपणच एक घालावी, असं मनात आलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे हातून चुकून झालं असं म्हणायला मला जागा उरणार नाही. त्या सर्किटमध्ये एलईडीच्या वाटेवर तिळाएवढा एक रेझिस्टर आहे. किती करंट चाललाय ते सर्किटला त्याच्यावरून कळतं आणि जास्त झाला की ते आवरतं. तिथे जरा जास्त किमतीचा रेझिस्टर बसवला की सर्किट फसतं. पुरेसा झाला समजून आधीच हात आखडतं. दिवा लुकलुकत नाही, तापत नाही, बिघडलाय असं वाटत नाही, फक्त मंद होतो. गिऱ्हाईकांच्या दिव्यांत मी हे करते, त्यांना सांगून, दिवा जास्त टिकावा म्हणून. तुझ्या दिव्यात केलं ते कुणाला न सांगता, पाच वेळा. मार्चपासून जुलैपर्यंत, महिन्याला एकदा, थोडं थोडं. एकदम केलं असतं तर आईच्या लक्षात आलं असतं.

मला काय हवं होतं? आईनं एकदा म्हणावं, "बारकीचा दिवाही गेला गं कामातून, तुझा काढ माळ्यावरून." एवढंच. पण तिनं तुझ्या दिव्यावर संशय घेतलाच नाही, स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. ते दिसत असूनही मी गप्प राहिले. आणि ती तुझ्याकडे यायला तयार झाली तेव्हा तर मी आणखी चिडले, जशी काही मीच तिला तिकडे ढकलली नव्हती.

तुझा मूळचा रेझिस्टर मी काड्यापेटीत जपून ठेवला होता. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हाच, की तो परत बसवावा आणि दिवा पाठवून द्यावा, कुणाला काही कळणार नाही. पण मग तुला दिवा धडधाकट मिळाला असता आणि आईचे डोळेच गेले अशी तुम्हा दोघींचीही खात्री पटली असती. म्हणून सोमवारी दुपारी रेझिस्टर बसवला आणि दिवा आधी आईच्या मशीनवर लावला. पुसला आहे, म्हणून सांगितलं.

ती बसली. पहिल्याच झटक्यात दोरा ओवला गेला. तिनं दोऱ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. बाबांबरोबर तिनं संसार केलाय, दिवा पुसून एवढा उजेड पडत नाही हे तिला कळतं.

"माझे डोळे नव्हते ना ते?"

"नव्हते," मी म्हटलं.

तिनं दोरा काढला आणि पुन्हा ओवला. असं तीनदा केलं. मग म्हणाली, "मी रोज डोळे मिटून घरात चालायची सवय करत होते. पावलं मोजून ठेवलीत. मशीनपासून मोरीपर्यंत अकरा."

बारके, मी तिला तसं चालताना पाहिलं होतं. भिंतीला हात लावून जाते, थकली असेल, असं म्हणून मी पुन्हा कामाला लागले होते.

दिवा मंद कुणी केला, हे तिला विचारावं लागलं नाही. काल जेवण झाल्यावर बोलली. "तिचा दिवा तिला परत कर. तू हात घातलेल्या दिव्याखाली मी बसायची नाही. तू नवा कर, तिच्यासारखा. येत नसेल तर तिला विचार. आणि काय केलंस ते आधी लिही, मग विचार."

तोवर ती हातानं होईल तेवढंच करणार आहे, दुकानाच्या दारात, माझ्या टेबलासमोर. सकाळपासून तिथेच स्टूल टाकून बसली आहे. शिंपीकाका आज येऊन शर्ट टाकून गेले. मशीन विकत नाही. तुझ्याकडे यायचं की नाही ते ती तुला स्वतः सांगेल. मी विचारलं नाही, विचारायला तोंड कुठे आहे?

तेव्हा विचारते. मेन्सवर करंट असा धरून ठेवायला मला येत नाही. हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नाही. तुझ्या सर्किटची आकृती पाठव. कॉइलला वेढे किती आहेत तेही लिही, ते मला पाच वेळा उघडूनही कळलं नाही. हे लिहितानासुद्धा जळफळाट होतोय. तो गेला असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मी बसवलेले पाचही रेझिस्टर कागदाच्या तळाशी चिकटपट्टीखाली लावले आहेत, प्रत्येकावर महिना लिहून. ठेव किंवा फेकून दे.

मला ओरडायचं असेल तर नंतर ओरड, आकृती आधी पाठव. समोर दारात आई शर्ट डोळ्यांशी धरून बसली आहे, आणि ढग आले की काम मांडीवर ठेवून ऊन यायची वाट बघते.

तुझ्यापुढे शिकायला बसलेली,
ताई