सुट्टीपुरतं घर

१९ डिसेंबर, शुक्रवार

दिलं एकदाचं! राजीनाम्याचं पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं — टाकलं आणि पळाले. त्यांनी परत बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून पत्र दोनदा वाचलं. "कारण?" मी म्हटलं, घरगुती. आता त्यांना काय सांगू — दिवसभर हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकते, शंभर माणसांशी बोलते, आणि शुक्रवारी फोन खाली ठेवला की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला चिटपाखरू नाही! रविवारी घरी फोन होतो, तेवढाच. सोमवारी पहिल्या तक्रारवाल्याशी बोलताना घसा खरखरतो. परवा एक आजोबा म्हणाले, "पार्सलाचं राहू द्या, आधी तुम्ही औषध घ्या."

मॅडम म्हणाल्या, "पत्र ड्रॉवरमध्ये ठेवते. सुट्टीवरून ये. पाच तारखेला विचारीन — ठेवू की फाडू." बाई चांगली आहे.

तर ठरलं. पाच तारखेपर्यंत वेळ. घरचे म्हणाले 'ये', की मी चालले कायमची.

२० डिसेंबर, शनिवार

पण मी विचारणार नाही. त्यांनी म्हणायला हवं. चार वर्षांपूर्वी मीच तोऱ्यात म्हटलं होतं, मला तुमच्या खडूच्या धुळीत जन्म काढायचा नाही. बाबा तेव्हा शर्टाची पाठ कापत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं." आई दोन दिवस बोलली नव्हती. आता कोणत्या तोंडाने म्हणू, घ्या मला परत?

बॅग भरली. हिवाळ्याचे, उन्हाळ्याचे, सगळे कपडे कोंबले. निम्मं सामान आत्ताच पोचवून टाकते, म्हणजे नंतर ओझं नको.

२१ डिसेंबर, रविवार

सात तास बस. शेजारच्या बाई सातही तास फोनवर — भाचीचं लग्न, जावेचं डोकं, डॉक्टरचा मूर्खपणा. उतरताना मलाच म्हणाल्या, "कंटाळा नाही ना आला?" कंटाळा कसला! मला तर सगळं ऐकून पोट भरल्यासारखं झालं होतं.

स्टँडवर दादा स्कूटर घेऊन. "काय गं टाचणी! दगडं भरलीस का बॅगेत?" टाचणी म्हणजे मी. लहानपणी एक टाचणी गिळली होती म्हणे. घरातल्या प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट ऐकावी लागते. चार वर्षांत मला शहरात कुणी टोपणनावाने हाक मारलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, धूळ आहे.

घरी आई दारात, बाबा तिच्या मागे. बाबांनी बॅग घेतली आणि विचारलं, "हिची कुठे ठेवू?" आई म्हणाली, "ठेवा ना आतल्या खोलीत." दमलेय. उद्या लिहीन.

२२ डिसेंबर, सोमवार

कापायचं टेबल गेलं!

माझ्या खोलीत ते होतं. म्हणजे खरं तर त्या टेबलाच्या खोलीत मी होते. लांबलचक, त्यावर बाबा कापड पसरायचे, खाली माझी गादी. सकाळी उठले की केसांत खडू, पायाला चिंध्या. बाबा कापणार, बाहेरच्या खोलीत आई मशीनवर शिवणार — इतकी वर्षं हेच. आता तिथे रिकामी फरशी आणि एक खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेला नवा टॉवेल!

"विकलं," आई म्हणाली. "तुला जरा मोकळी खोली नको का?"

मला? वर्षातून दहा दिवस येते मी!

चहा बशीतल्या कपातून. सोबत बिस्किटं, तीही ताटलीत मांडून. पूर्वी डबा पुढे सरकवायची. कप विसळायला गेले तर, "तू बस गं, राहू दे." बसले. काय करणार?

२३ डिसेंबर, मंगळवार

या घरात कुणी भांडत नाहीये.

खरंच! आई-बाबा डोळे उघडले की सुरू व्हायचे. माझी कात्री कुणी नेली, टेप कुठे टाकलात, कॉलर वाकडी बसली ती तुमच्या कापण्याने, नाही नाही तुझ्या शिवण्याने! गिऱ्हाईकं हसायची. मी कानात बोटं घालून अभ्यास केलाय. आणि आता? आज सकाळचं जसंच्या तसं लिहिते:

"साखर अजून हवी का?"
"नको, बरोबर आहे."
"पाणी तापलंय हं."
"हो हो. आभारी."

आभारी! बाबा! आईला!

मी घरी आलेय की तपासणीला? माझ्यासमोर सगळे शहाण्या मुलांसारखे वागतायत. दादाही. जेवताना मी म्हटलं, "अरे कुणीतरी ओरडा की!" तिघं हसले. जरा जास्तच हसले.

तिथे एकटं वाटतं ते ठीक. तिथे माझं कोण आहे? पण इथे चार माणसांत बसून तसंच वाटावं?

२४ डिसेंबर, बुधवार

आईच्या मशीनशेजारी गणवेशांचे कापलेले तुकडे होते. सहज उचलले. खुणा निळ्या खडूच्या. बाही जोडतात त्या गोलाईपाशी एकच रेघ. बाबा कायम पांढरा खडू वापरतात आणि तिथे दोन रेघा मारतात, आईला घाईत चुकायला नको म्हणून. हे बाबांचं कापणं नाही. मी झोपेतही ओळखेन.

"कापून बाहेरून येतं आता," आई म्हणाली, सुईत दोरा ओवत. "त्यांना फार उभं राहवत नाही."

बाबा म्हातारे झाले आणि मला कुणी सांगितलंही नाही! दुपारभर त्यांच्याकडे बघत बसले. ते मात्र स्टुलावर चढून दिवा बदलत होते. तासभर उभे होते. लपवतायत.

पण एक सांगू? (कुणाला सांगतेय मी! असो.) मनात कुठेतरी बरंही वाटलं. म्हणजे यांना माझी गरज आहे. आता म्हणतीलच.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज ठरवलं, कामाला लागायचं. आई भाजी आणायला गेली तेवढ्यात बसले आणि बारा शर्टांना बटणं लावून टाकली. बारा! बोटं सोलली. खूश होते.

आई आली. एक शर्ट उचलला, उलटा केला, दुसरा उचलला. मुलांच्या शर्टांना मी मुलींच्या बाजूने लावली होती. सगळ्या बाराही! शिंप्याची पोर मी! पूर्वी असतं तर आईने डोक्यात टपली मारली असती, आणि वर चार पिढ्यांचा उद्धार केला असता. मी टपलीसाठी मान खाली घातलीसुद्धा.

आई म्हणाली, "असू दे. छान लावलीस. घट्ट आहेत."

आणि बसून एकेक बटण उसवायला लागली.

न्हाणीघरात नळ सोडून रडले. परक्या माणसाला कोणी रागवत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

बोलले. न राहवून बोलले. जेवताना, भाताकडे बघत. "मी आता इथेच राहिले तर?"

चमचे थांबले. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने दादाकडे. दादा म्हणाला, "वा! मग शहरात आम्ही कुणाकडे फुकट उतरायचं?" उतरलाय का चार वर्षांत एकदा तरी! आई पटकन म्हणाली, "तिथे तुझं चांगलं चाललंय. इथे काय ठेवलंय आता?" बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

मिळालं उत्तर.

२९ डिसेंबर, सोमवार

कुणी विषय काढला नाही. मीही नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

बाबांबरोबर दोरे आणायला गेले. बटणवाला काउंटरवरून ओरडला, "अहो मास्तर! आहात कुठे? किती दिवसांनी!" बाबा रोज जायचे त्याच्याकडे. बाबा गडबडले. "हो, जरा... कामात." परतताना चौकात ते उजवीकडे वळले. घर डावीकडे. चार पावलं गेले, थांबले, माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि फिरले.

रस्ते विसरायला लागले! मला धडकीच भरली. म्हटलं, "बाबा, तब्येत बरी आहे ना? खरं सांगा."

"मला काय धाड भरलीय!" या दहा दिवसांतलं पहिलं खरं वाक्य. इतकं बरं वाटलं!

मग रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर धरलं आणि ओलांडून झाल्यावरही सोडलं नाही. म्हणाले, "तुला तिथे एकटं वाटतं का गं?"

आणि मी काय म्हणाले? "छे! वेळ कुठे असतो!"

जीभ झडली का नाही माझी! याच एका प्रश्नासाठी सात तास बसमधून आले होते. पण रविवारचे ते थांबलेले चमचे डोळ्यांसमोर आले. नको झालेल्या माणसासारखं कशाला दाराशी उभं राहायचं?

"जेवणाचं कसं करतेस? एकटीपुरता तांदूळ किती घ्यायचा, कळतं?"

"अर्धी वाटी. सुरुवातीला अंदाज चुकतो. मग जमतं."

"अर्धी वाटी," बाबा म्हणाले. "आणि पाणी?"

आयुष्यात चुलीपाशी न फिरकलेला माणूस! माझी काळजी वाटते तर सरळ म्हणावं ना, ये घरी म्हणून. तांदळाच्या चौकशा कसल्या करायच्या?

१ जानेवारी, गुरुवार

दादाने फोटो काढला. आई-बाबांच्या मध्ये मी. "सरका की जवळ," दादा म्हणाला. दोघंही माझ्याच खांद्याला चिकटल्यासारखे दिसतात. फोटो बघताना आई आत निघून गेली. नव्या वर्षाचे पहिले अश्रू बहुतेक कांद्याने आणले असावेत, कारण विचारलं तर तसंच म्हणाली.

२ जानेवारी, शुक्रवार

बसमध्ये. बॅग जशी नेली तशीच परत. उघडलीसुद्धा नाही नीट. दादा म्हणाला, "दगडं घेऊन चाललीस?" मी हसले नाही.

तिघंही स्टँडवर आले होते. मला वाटलं, शेवटच्या क्षणी तरी. कंडक्टरने बेल दिली. आई म्हणाली, "पोचलीस की फोन कर." बाबा नुसते हात हलवत होते, बस वळली तरी हलवत होते. आणि खोटं कशाला लिहू? आईच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं दिसलं. बारा दिवसांची पाहुणी एकदाची गेली. आता ताटल्या वर ठेवतील, कप वर ठेवतील आणि मोकळेपणी भांडतील.

रागावलेय मी. खूप. आणि इतकी भूक लागलीय की आईने दिलेल्या डब्यातलं सगळं रडत रडत खाल्लं. पलीकडच्या माणसाने जागा बदलली.

४ जानेवारी, रविवार

कालपासून फक्त दुकानदाराशी बोलले. "साबण द्या." दोन शब्द. घरी फोन नाही केला. करणारही नाही. त्यांनीही केला नाही.

५ जानेवारी, सोमवार

मॅडमनी ड्रॉवर उघडला. "ठेवू की फाडू?"

"फाडा," म्हटलं. घसा इतका बसला होता की त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी चार तुकडे केले आणि विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "अगदी ठीक. सगळे मजेत."

दिवसभर हरवलेली पार्सलं. एकोणऐंशी तक्रारी. संध्याकाळी खोलीवर आले, कुलूप उघडलं, आणि मोठ्याने म्हटलं, "आले गं." उगाच. कुणी 'ओ' देतंय का बघायला.

६ जानेवारी, मंगळवार

दादाचा फोन आला. आईला न सांगता केलाय. बाबा जूनपासून घरी राहत नाहीत. वेगळी खोली घेतलीय, कपड्यांच्या कारखान्यात कापायला जातात. कापायचं टेबल विकलं नव्हतं, बाबाच घेऊन गेले. रविवारी माझ्या फोनच्या वेळेला तेवढे येऊन बसायचे. आणि मी येणार म्हणून बारा दिवस राहायला आले होते. "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं," दादा म्हणाला. "नाहीतर तू नोकरी सोडून धावत आली असतीस."

आणि मी बारा दिवस रुसून बसले होते, मला पाहुणीसारखं वागवतात म्हणून!

बाबांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला इथे फार एकटं वाटतं."

"मलाही गं," बाबा म्हणाले.