थोमाचा दगड

बाबा, काल चर्चमध्ये पुन्हा तोच वाद निघाला. येशूचा शिष्य संत थोमा आपल्या भागात आला होता की नाही, यावर मंडळी अजून भांडतात. मला मात्र छावणी भागातलं आपलं जुनं घर दिसत होतं.

संस्थान भारतात आणणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन थोडाच काळ लोटला होता. तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचात. एका संध्याकाळी मंडळीचे पंच घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "मास्तर, शहागंजच्या बाजारात लोक आपल्याला गोऱ्या साहेबाची माणसं म्हणतात. थोमा साहेबाच्या लई आधी इथं आला व्हता, एवढं चर्चमध्ये सांगा. तुमचं कुणी खोटं म्हणणार नाय."

"तो दक्षिणेत उतरला असं तिकडचे लोक मानतात, त्यावरही विद्वानांचं एकमत नाही," तुम्ही म्हणालात. "इथं आल्याचा तर काहीच पुरावा नाही."

"दौलताबादला दगड हाय की. त्याच्या हाताचा ठसा हाय त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन निघालात. भर दुपार आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी, सीताफळांच्या झाडीत तो काळा दगड. जवळ शेळ्या चारणारी म्हातारी तुम्हाला ओळखून म्हणते, "हमारे पीर का हाथ है, मास्तर. हात नका घालू. वो छोडते नहीं." तुम्ही हसता. थोमानंही मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटलं होतं, असं मला सांगता आणि ठशावर पंजा ठेवता. पंजा नेमका बसतो. मग तुमचा चेहरा बदलतो. तुम्ही हात ओढता, तो येत नाही. दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढता, तेव्हा सुटतो. बोटं पांढरी पडलेली. शेळ्या चरायच्या थांबून आपल्याकडं बघताहेत. वाटेत तुम्ही म्हणालात, "कुणीतरी धरलं होतं. ओळखीच्या माणसानं धरावं तसं."

त्या म्हातारीकडून गोष्ट शहरात पोचली. रविवारी चर्च गच्च भरलं. पंच पहिल्या बाकावर, मान ताठ करून बसलेले. तुम्ही उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभे राहिलात. "मला जे जाणवलं ते माझ्यापुरतं. त्याला पुरावा म्हणत नाहीत. थोमा इथं आल्याचा पुरावा नाही."

त्यानंतर तुम्हाला कुणी उपदेशाला बोलावलं नाही. पंच रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायचे. तुमचा तो हात उन्हाळ्यातही गार असायचा. तुम्ही गेलात त्या सकाळी आई तो चोळत बसली होती. श्वास थांबला, तरी बोटं कुणाच्या तरी हातात असल्यासारखी वाकलेली होती. आईला ती सरळ करता आली नाहीत.

काल शेवटी सगळ्यांनी मला विचारलं, कारण मी तुमची मुलगी. मी तुमचंच उत्तर दिलं, शब्दही तेच.

पण आज सकाळी एकटीच दौलताबादला जाऊन आले. मंडळीत हे कुणाला सांगायची नाही, आणि तुम्हाला लिहिलेलं तर कुठं धाडता येत नाही. ठशाला मी हात लावला नाही. समोर उभी राहून हळूच एवढंच म्हणाले, "आता सोडा त्यांना."