शून्य नोंदीची पुस्तके आणि माझे घर

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने ग्रंथपाल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भरपूर रागात लिहून ठेवत आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर माझ्या स्वकमाईचे आहे. त्यावर माझ्या भाच्याचा डोळा आहे. "मावशी, एवढ्या पुस्तकांचं तू करणार काय?" असे तो विचारतो आणि नजरेने भिंती मोजतो. बँकेतली शिल्लक आणि वरचा मजला त्याला द्यावा. तळमजल्याकडे त्याने फिरकूसुद्धा नये.

२. ग्रंथालयाच्या संचालकांना काहीही मिळणार नाही. संगणकाच्या अहवालात ज्या पुस्तकांची देवघेव शून्य, ती रद्दीत काढा, असा हुकूम त्यांनी सोडला. अहो, संदर्भ विभागातली पुस्तके घरी न्यायला द्यायचीच नसतात! वाचक तिथेच बसून वाचतो. मग शून्य नाही तर काय दिसणार? मी तोंडी सांगितले, लेखी सांगितले, शेवटी ओरडून सांगितले. "बाई, आता सगळं नेटवर मिळतं. काळाबरोबर चला जरा," म्हणाले. ज्या संगणकाचा अहवाल ते नाचवत होते, त्यात सगळी सूची मीच चढवली होती. पालथ्या घड्यावर पाणी. जुने नकाशे, जुनी वर्तमानपत्रे, सगळे टेम्पोत गेले. तिथे आता सोफे आहेत आणि कॉफीचे यंत्र. माझ्या शोकसभेत या गृहस्थांनी बोलू नये. बोलायला उठलेच तर माइक बंद करावा.

३. तळमजला, तिथली पुस्तके, टेबल आणि दिवा मी त्या बाईला देते, जिला माझ्या जागी 'माहिती व्यवस्थापक' म्हणून नेमले होते. मी तिला तोंडावर बटणवाली म्हणत असे. ती टेम्पोपुढे आडवी उभी राहिली आणि नोकरीला मुकली. मला पेन्शन होती, तिला घरभाडे भरायचे होते. हल्ली ती इथे तळमजल्यावर, मी सर्वांसाठी उघडलेल्या वाचनखोलीत, माझ्याच टेबलाशी बसते. लोक मोबाइल पुढे करून विचारतात, "ताई, हे खरं आहे का हो?" ती हो-नाही म्हणत नाही, बातमी कुठून निघाली ते त्यांनाच शोधायला लावते. आमचे काम पूर्वीही हेच होते. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी हा मजला विकायला काढला, तर वकिलांनी त्याला कोर्टात खेचावे.

४. पुस्तके कमी झाली तरी चालतील, टेबलामागे माणूस हवा. रोज किती लोक येतात असा आकडा कोणी मागितला, तर त्याला दार दाखवावे.

साक्षीदार पहिले: पूर्वी शेजारी राहणारे शिंपी. घर पाडण्याची नोटीस हातात घेऊन ते पुराव्यासाठी गल्लीचा जुना नकाशा बघायला ग्रंथालयात आले, तेव्हा टेम्पो जाऊन एकच दिवस झाला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. घर गेले. "बाई, तुमच्या डोळ्यांदेखत नेलं?" एवढेच त्यांनी विचारले होते.

साक्षीदार दुसरे: वर उल्लेखलेले डॉक्टर.

स्थळ: तळमजला, पुढची खोली. दिनांक: नऊ नोव्हेंबर.

सही,
ग्रंथपाल
(आधी 'निवृत्त' लिहा, असे वकिलांनी सुचवले. मी लिहिणार नाही.)