मूलपेशीतला ल

आई,

तो नट गेला. तुला तो आठवेल. नगरच्या सभेला चाकाच्या खुर्चीत बसून आला होता आणि तुझ्या खुर्चीकडं बघून म्हणाला होता, "मावशी, तुमची खुर्ची माझ्यापेक्षा बरी दिसते. अदलाबदल करता का?" तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. केडगावच्या वसतिगृहात तू स्वयंपाकाला होतीस, तिथं माळ्यावरचं मोठं पातेलं काढताना तू शिडीवरून पाठीवर पडलीस, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मी तुला हसताना पाहिलं ते तेवढंच. आता आपल्या शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तुला लिहिताना हाताला नगरच येतं.

पडद्यावर पंधरा वर्षं मारामाऱ्या करणारा तो माणूस. पुढं मज्जातंतूंच्या आजारानं त्याचं अंग एकेक करून बंद पडत गेलं आणि उरलेल्या आवाजावर तो गावोगाव फिरला. शरीरातल्या ज्या पेशींपासून दुसऱ्या पेशी तयार होतात, त्यांच्यावरचं संशोधन सरकारनं थांबवू नये, त्याला पैसा द्यावा, हे त्याचं पहिलं वाक्य. आणि जोवर उपचार सिद्ध होत नाही तोवर तो कुणालाही विकू देऊ नये, हे दुसरं. दुसरं वाक्य तो कधीच गाळायचा नाही. ऐकणारे गाळायचे. आता तो गेला आणि आठ दिवसांत त्याच्या नावाचे दोन तुकडे झाले. एक बाजू म्हणते, एवढा नावाजलेला माणूस, तोही वाचला नाही, मग हे थोतांड बंदच करा. दुसरी बाजू, म्हणजे शहराशहरांत इंजेक्शनांची दुकानं थाटून बसलेली मंडळी, म्हणते की त्याला नियमांनी मारलं, तेव्हा नियम उठवणं हीच श्रद्धांजली. नव्या नियमांचा मसुदा मंत्रालयात पडून आहे. तो होता तोवर दर दोन महिन्यांनी खुर्ची घेऊन त्या दारात जायचा, मागोमाग कॅमेरे जायचे आणि फाईल एक टेबल पुढं सरकायची. माणसापेक्षा विचार मोठा असं मी तीस वर्षं ओरडून सांगत आलोय. ही फाईल मात्र विचारानं हलत नव्हती, एका चेहऱ्यानं हलत होती. चेहरा गेला की बाजू पोरकी होते, आणि पोरक्या बाजूचा ताबा जो आधी पोचेल तो घेतो.

नगरच्या शोकसभेत मुख्य वक्ता म्हणून मलाच बोलावलं. सभा भरवणारा माझा जुना सहकारी घरी आला, ठरावाचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं, मूलपेशी उपचार सर्व रुग्णांना तत्काळ आणि विनाअट खुले करावेत. मी म्हणालो, "हे त्याचं म्हणणं नव्हतं. उलट होतं." तो म्हणाला, "सर, तो आता नाही. लोकांना नियम नकोत, आशा पाहिजे. तुमच्या आवाजात हा कागद वाचला की सभागृह उभं राहील." मी कागद ठेवून घेतला. मूलपेशी हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो, कारण दोनच दिवसांपूर्वी मिरजगावहून तुझी धाकटी लेक येऊन गेली होती आणि त्या शब्दाबद्दल मला काहीतरी सांगून गेली होती.

ते सांगण्याआधी त्या जुन्या सभेकडं परत जातो. तू पहिल्या रांगेच्या कडेला आहेस. मी व्यासपीठावर आहे. हातात पत्रक आहे आणि पत्रकात छापलंय मूलपेशी. संस्कृतात मूल म्हणजे झाडाचं मूळ. आपल्या तोंडी मूल म्हणजे लेकरू. हे मला माहीत होतं. मूळपेशी म्हटलं असतं तर कुणाचाच गोंधळ झाला नसता. पण तो ल मला हवा होता, कारण त्यावर मला एक वाक्य सुचलं होतं. मी आवाज खाली आणला, तुझ्याकडं हात केला आणि म्हणालो, "आजवर आईनं मुलाला उभं केलं. उद्या ही मूलपेशी मोडलेल्या आईला उभं करील." टाळ्या थांबेनात. त्या नटानं नंतर मला वाकायला सांगितलं, कारण त्याचा आवाज फार वर जात नव्हता. तो म्हणाला, "टाळी छान घेतलीत. पण मी असं काही सांगत नाही हो. मी सांगतो, अजून माहीत नाही." मला वाटलं, नटाला दुसऱ्याची टाळी सहन होत नाही.

चार महिन्यांनी आपण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं तुझ्यासारख्या रुग्णांवर चाचणी सुरू होणार होती. डॉक्टर सभ्य होते, घाईत होते. म्हणाले, "आजी, मूलपेशी कंबरेच्या हाडातून काढतात आणि मणक्यात सोडतात. फायदा होईलच असं नाही. पण त्रास फारसा नाही." संमतीचा कागद इंग्रजीत होता. मी तो वाचला आणि तुला म्हणालो, अंगठा दे. तू हात पदराखाली घेतलास.  वाटेत खायला घेतलेली पेरूची पिशवी येताना तुझ्या मांडीवर होती, ती तशीच घरी आली.

मग ते पंधरा दिवस. तुझी खाट तू हट्टानं स्वयंपाकघरात घालायला लावलीस, चुलीकडं तोंड करून. धाकटी बाळंत होऊन सव्वा महिना झालाय, ती भाकरी थापतेय आणि तिची लेक तुझ्या कुशीत आहे. मी कागद काढला की तू पोरीला भिंतीकडच्या अंगाला सरकवतेस. मी समजतो, पोरीनं कागद चुरगाळू नये म्हणून. मी समजावतो, मग आवाज चढवतो. घरात मला सभेसारखं बोलण्याची सवय लागली होती, हे तू आधीही दोनदा सांगितलं होतंस.

"मला न्हाई करायचं," तू म्हणालीस.

"का पण? कारण सांग."

"कारन न्हाई. हाय त्यात बरी हाय मी."

"देवऋषाकडं जायला सांगितलं असतं तर गेली असतीस."

"त्याच्याकडं तरी कवा गेले रं? तुझ्या बापाच्या येळंला बी न्हाई गेले."

"मग हा अडाणीपणा कुठून आला?"

 तू चुलीकडं बघत म्हणालीस, "व्हय, हाय मी अडानी. पर न्हाई म्हंजी न्हाई." धाकटीच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती काहीतरी बोलणार होती आणि तू तिच्याकडं नुसतं पाहिलंस. मी पाहिलं ते. विचारलं नाही.

दोन वर्षांनी तू गेलीस. पाठीच्या जखमा, मग ताप, मग रक्तात पसरलेलं विष. चाचणीत गेली असतीस तर चालली असतीस असं मी म्हणत नाही. त्या चाचणीतून फारसं काही निघालं नाही, हे मी नंतर वाचलं. पण मी जे केलं ते वेगळं आहे. तू गेल्यावर विज्ञानावर मी जिथं जिथं बोललो, शाळांत, विहारात, साखर कारखान्याच्या कामगारांपुढं, तिथं तुझी गोष्ट सांगितली. माझी आई म्हणून सांगितली. विज्ञान दारात आलं होतं आणि अडाणीपणानं दार लावून घेतलं, असं ते वाक्य होतं.  लोक डोळे पुसायचे. अकरा वर्षं मी तुझ्या अडाणीपणावर माणसं रडवली.

धाकटीनं त्या नटाची बातमी टीव्हीवर पाहिली आणि एसटीनं थेट घरी आली. चहा पुढं ठेवला तर घेईना.

"दादा, आता तरी सांगते. तू भाषनात आईला अडानी म्हंतोस, ते बंद कर."

"काय झालं?"

"तिला वाटलं हुतं, मूलपेशी म्हंजी मुलाच्या पेशी. लेकराच्या. तूच म्हनला हुतास ना सभंत, मूल आईला उभं करंल म्हनून? आन डॉक्टर म्हनला, कंबरंच्या हाडातनं काढत्यात. घरात लेकरू कुठलं हुतं? माझीच पोरगी. सव्वा महिन्याची."

मी म्हणालो, "तू तिला सांगायचंस ना, तसं नसतं म्हणून."

"मला तरी कुठं ठावं हुतं? मलाबी तसंच वाटलं. ती म्हनली, तुझ्या लेकराच्या हाडाला हात लावून मला चालायचं न्हाई. आन दादाला सांगू नको, त्यो मोठा वक्ता हाय, आपलं खरं करून दावंल. पुढं पोरगी शाळंत शिकून आली, तिनं मला सांगितलं, आई, त्या ज्याच्या त्याच्या अंगातल्या असत्यात. तवापास्नं मला नीट झोप न्हाई."

ती पोरगी आता आठवीत आहे.

म्हणून मी ठरवलं होतं. शोकसभेत हा ठराव हाणून पाडायचा. त्या जागी त्याचं खरं म्हणणं मांडायचं, की संशोधन चालू ठेवा, दुकानं बंद करा. आणि एक वाक्य माझं घालायचं, की ज्याच्या अंगावर प्रयोग होणार त्याला त्याच्या भाषेत कळेपर्यंत अंगठा घेऊ नका. आणि का, हे सांगण्यासाठी तुझी गोष्ट सांगायची. या वेळी खरी. शब्द माझा, चूक माझी, नकार शहाणा.

सभागृह भरलं होतं. कडेला तीन-चार खुर्च्या होत्या, चाकाच्या. मी नियमांबद्दल बोललो, मसुद्याबद्दल बोललो, त्याच्या दोन्ही वाक्यांबद्दल बोललो. आई, सगळं बरोबर बोललो, आणि माझ्याच कानाला ते सरकारी परिपत्रकासारखं लागत होतं. लोक चुळबुळ करायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आज आवाज बसलाय काय?" थोडं हसू झालं. तुझी गोष्ट सांगायची जागा तीच होती. ती सांगितली असती तर खुर्च्यांमधली माणसं तरी थांबून विचार करती. मी पाण्याचा घोट घेतला. समोर निम्मे लोक असे होते ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट जुन्या रूपात ऐकली होती आणि डोळे पुसले होते. मी भाषण आवरलं.

सहकाऱ्यानं माईक घेतला, ठराव वाचला आणि म्हणाला, बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर गेले. व्यासपीठावरचेही गेले. फोटोवाला पुढं आला. आता वर्तमानपत्रात तो फोटो आहे, नगरची एकमुखी मागणी असं त्याखाली लिहिलंय. त्यात डावीकडून दुसरा हात माझा आहे.

बाहेर पडताना एका बाईनं मला गाठलं. तिचा नवरा कडेच्या एका खुर्चीत होता. म्हणाली, "सर, खुलं केलं म्हंजी आता कुठं मिळंल? पत्ता असंल तर द्या की." मी म्हणालो, माझ्याकडं पत्ता नाही. तिला वाटलं, मी टाळतोय. बरोबर वाटलं.

हे तुला कुठं पाठवणार, आणि पाठवलं असतं तरी वाचून दाखवायला मीच लागलो असतो. धाकटीला दाखवावं असं एकदा मनात आलं. तेही करणार नाही. सभा संपल्यावर तिचा फोन आला होता. तिनं एवढंच विचारलं, "दादा, सांगितलंस ना आईचं?"

मी म्हणालो, "हो. सगळं सांगितलं."