दोन माणसांची गाडी

अण्णा, आज घरात तुमच्या त्या गाडीचं बोलणं निघालं. नातीनं विचारलं, आपल्याकडे सगळ्यात आधी गाडी कुणी घेतली. मी तुमचं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे कामावर जायला घेतली असणार. नाही, कामावर तुम्ही शेवटपर्यंत सायकलनंच गेलात. मग कशाला घेतली, याचं उत्तर मला तिला नीट देता येईना. ती उठून आपल्या कामाला लागली आणि मी हे लिहायला बसले.

तेव्हा आपण चिंचवड गावात, नदीकडच्या आळीत दोन खोल्यांत राहत होतो. पिंपरीला माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि तुम्ही मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपातली नोकरी सोडून तिथे फोरमन म्हणून आला होतात. मी पुण्याला कॉलेजात जात होते. मिसरूडही फुटलेलं नसताना तुम्ही खाडीकाठचं गाव सोडून मुंबईला कामाला लागलात, आणि तेव्हापासून तुम्ही एकही गोष्ट उगाच केलेली कुणी पाहिली नव्हती. सुतळीचे तुकडेसुद्धा गुंडाळून ठेवायचात. नाटकाला जायचं म्हटलं की विचारायचात, त्यातून काय मिळतं. अशा माणसानं एका रविवारी सकाळी ती गाडी आणून दारात उभी केली. देहूरोडच्या छावणीतला एक लष्करी डॉक्टर बदली होऊन चालला होता, त्याची ती जुनी गाडी. बुटकी, वरून उघडी. रंग कधीकाळी लाल असावा. बैठकीचं चामडं तडकलेलं आणि कापडी छत अर्ध्यावर येऊन अडकायचं ते अडकायचंच. अख्खी आळी जमली. आपल्या घरमालकीणबाई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "आवं सायेब, ह्यात दोघंच बसत्याल की. मंग पोरगी कुटं बसवायची?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. आई मात्र उंबऱ्यातच उभी होती. तिनं विचारलं, "ही कशासाठी?"

तुम्ही फडक्याला हात पुसत म्हणालात, "मजा म्हणून."

आई आत निघून गेली. मला वाटतं, तुम्ही एखादं कारण सांगितलं असतंत, खोटं का होईना, तर तिनं चालवून घेतलं असतं. आजारपणात उपयोगी पडेल, पाहुण्यांना स्टेशनवरून आणता येईल, काहीही. पण लग्नाची मुलगी घरात असताना चाळिशी ओलांडलेला माणूस मजा करायला निघतो, याचं तिला भयच वाटलं असावं. ती गाडीत बसली नाही. तुम्ही दोनतीनदा म्हणून पाहिलंत, मग विचारणं सोडून दिलंत. मालकीणबाईंनी गोठ्याची एक बाजू मोकळी करून दिली आणि म्हशींच्या शेजारी ती गाडी राहू लागली.

दुसरी जागा अशी माझ्याकडे आली. सुट्टीच्या दिवशी दुपारचं ऊन कललं की तुम्ही गोठ्यात जायचात आणि मी पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी घट्ट बांधायची. निगडीच्या पुढे वस्ती संपली की मुंबईच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वडाची झाडं, त्यापलीकडे बाजरी. आपण सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जातोय, एखादी बैलगाडी मागे पडतेय, तिचा गाडीवान आपल्याकडे बघत राहतोय. घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारे तुम्ही गाडीत बसलात की बोलायला लागायचात. वाऱ्यामुळे ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे तुम्ही मला कुणी वेगळेच वाटायचात. खाडीतली शिडाची होडी, ती चोरून नेल्यावर आजोबांनी दिलेला मार, भरतीच्या पाण्यात नुसतं उताणं पडून राहणं, हे सगळं मी तळेगावच्या रस्त्यावर ऐकलं. घरी आलो की तुम्ही हातपाय धुऊन पुन्हा गप्प. आईसमोर त्यातलं काही काढायचं नाही, असं न सांगताच ठरलेलं होतं.

मग पुण्याचं ते स्थळ आलं. मुलगा सरकारी खात्यात ओव्हरसियर होता. वडील नव्हते, म्हणून मामाच सगळं बघत होते. दोघंच आले होते. आईनं शिरा केला होता. माझं शिक्षण, पत्रिका, सगळं व्यवस्थित चाललं होतं. मामा हात धुवायला मागच्या दारी गेले आणि त्यांना गोठ्यात गाडी दिसली. परत येऊन बसल्यावर त्यांनी चौकशी केली आणि तुम्ही नेहमीसारखं सरळ ‘मजा म्हणून घेतली’ असं सांगून टाकलंत. मामांचा चेहरा बदलला. आवाज न चढवता ते म्हणाले की उजवायची मुलगी घरात असताना बापानं दोन माणसांची गाडी घ्यावी, यावरून घराची रीत कळते. "आम्हाला बाकी सगळं पसंत आहे. तेवढी ती विकून टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल."

तुम्ही जरासुद्धा थांबला नाहीत. "विकतो," म्हणालात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. तुमचा चेहरा कारखान्यातून दमून आल्यावर असायचा तसा झाला होता. आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नसे, पण त्या दिवशी मामांकडे न बघता तुम्हाला म्हणाली, "विकायची तर विका. पण मी अजून एकदाही बसले नाही त्यात. आधी मला चक्कर मारून आणा."

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर कधी?"

तुम्ही उठलात. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही चपला घालताना उजवी-डावीची गल्लत केलीत. गोठ्यातून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, म्हैस ओरडली, आळीतली मुलं मागे धावली. मी पाहुण्यांसमोर एकटी उरले. मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मुलगा मात्र उठून दारात गेला आणि रस्त्याचं वळण रिकामं झालं तरी तिकडेच बघत राहिला. मग हळूच मला विचारलं, मी बसले आहे का त्यात. मी हो म्हणाले. छत लावून की काढून, त्यानं विचारलं. मी सांगितलं, छत लागतच नाही. तो हसला. मामांनी खाकरून त्याला आत बोलावलं आणि थोड्या वेळानं दोघं उठलेच. तुमची वाट बघत बसणं मामांना कमीपणाचं वाटलं असणार.

तुम्ही दोघं दिवेलागणीला आलात. आईचा अंबाडा सुटला होता, कपाळावरचं कुंकू धुळीनं फिकट झालं होतं आणि मांडीवर कुणाच्या तरी शेतातली हिरवी हरभऱ्याची जुडी होती. पाहुणे गेल्याचं मी सांगितलं. तिनं मान हलवली, ती घटाघटा पाणी प्याली आणि मग हरभरा सोलता सोलता मला सोमाटण्याच्या चढावर गाडी कशी धापा टाकत होती ते सांगायला लागली. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. पुढे चार वर्षं ती गाडी आपल्याकडे होती आणि दुसऱ्या जागेवर आई बसत होती. मला तुम्ही बोलवायचात, पण मी काहीतरी काम काढायची. तिला तुम्ही होडीचं सांगितलंत का, हे मी दोघांनाही कधी विचारलं नाही. कारखाने वाढले, रस्त्यावर ट्रक वाढले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती कुणा गॅरेजवाल्यानं ओढून नेली. माझं लग्न दुसरीकडे झालं. चांगलं झालं, हे तुम्ही पाहिलंतच.

आता नातीला काय सांगू, अण्णा? तुम्ही दिलेलं उत्तर पुरेसं होतं. आम्हीच त्यामागे आणखी काही शोधत राहिलो. तिला उद्या तेच सांगेन.

फक्त एक आहे, ते तिला सांगणार नाही, आणि हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इथे लिहिते. पुण्याहून नकार आला त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसलात. विचारलंत, "वाईट वाटलं का गं?" मी लगेच नाही म्हणाले, आणि तुमचा जीव हलका झालेला मला दिसला. वाटलं होतं, अण्णा. तो हसला होता ना दारात, तेव्हा मी मनातून होकार देऊन टाकला होता.