बिस्किटांच्या पुड्यांविषयी अण्णांस

झरी,
शुक्रवार

तीर्थरूप रेवणसिद्धअण्णांच्या चरणी धाकटी बहीण नीलम्मा हिचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघा अजून तेवढा वाकत नाही.) महादेवाच्या कृपेनं तुमची शुगर, वहिनींचा खोकला आणि गंगाखेडचं दुकान, तिन्ही ताब्यात असतील. पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्ही मला मधेच तोडता, पत्रात तशी सोय नाही, म्हणून लिहिते.

परवा तुमचा हुकूम आला की स्वप्नाचं पेडगावचं स्थळ पक्कं होईपर्यंत मी ते गुरुवारचं टीव्हीवरचं डॉक्टर बंद करावं, नाहीतर मुलीची आत्या वेडी आहे म्हणतील. अण्णा, बंद करणार नाही. आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

एक तर तो टीव्ही नाही. उपकेंद्रात सुकेशनी सिस्टरच्या टेबलावर पाटीएवढा टॅब असतो आणि त्यात दर गुरुवारी पुण्याहून मधुवंती नावाच्या मनाच्या डॉक्टरीणबाई दिसतात. मला तिथं ओढून नेलं ते गावात आशा सेविकेचं काम करणाऱ्या बायनाबाईनं. कारण मागच्या पौषात मी तीन आठवडे केस विंचरले नव्हते. एकतीस वर्षं शाळेत पोरांची नखं आणि भांग तपासणारी मी! (तुम्हाला फोनवर थंडीनं अंग आखडलंय म्हणाले होते, ते खोटं होतं.) ताटातली भाकरी बघितली की रडू यायचं, आणि सकाळ झाली की वाटायचं, ही कशाला उजाडली.

पहिल्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, कपाळाला विभूती लावून गेले. समोर परकं माणूस आलं म्हटल्यावर आपल्या घरची रीत कुठं जाते? मी विचारलं, माहेर कुठलं, लेकरं किती, जेवण झालं का. बायनाबाईनं टॅबपुढं चहाची कपबशी ठेवली. वीस मिनिटांत मी डॉक्टरीणबाईंच्या सासूच्या मोतीबिंदूपर्यंत पोचले आणि माझी वेळ संपली. चहा मीच प्याले. जाताना बाई हसून म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी मी विचारीन, तुम्ही सांगायचं.

पुढच्या गुरुवारी निराळीच तऱ्हा. रेंज फक्त खिडकीत येते, खिडकी ओसरीवर उघडते आणि ओसरीवर त्या दिवशी लसीकरणाची रांग. बाई म्हणाल्या, आवाज तुटतोय, जरा मोठ्यानं बोला. मी चौथीच्या वर्गातला आवाज काढला, आणि मला झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, हे अख्ख्या झरीला ऐकवलं. लस टोचलेली लेकरंसुद्धा रडायचं सोडून खिडकीकडं बघायला लागली. मग खिडकीतून उपाय यायला लागले. "तळपायाला खोबरेल चोळा की, बाई!" "जायफळ उगाळून घ्या, लय गुण हाय त्याला." मांडीवर नातू घेऊन बसलेली कडूबाई मात्र हळूच म्हणाली, "मला बी दोन वर्सं झाली, झोप न्हाई. म्या कुणाला सांगू?" आता तिचा नंबर माझ्यामागं असतो. (हे तिनंच गावभर सांगितलंय, मी नाही.) सिस्टरनी लसीकरण मंगळवारवर ढकललं आणि खिडकीला जाड पडदा लावला. गोळ्या चालू आहेत, बोलणं चालू आहे. काल भाकरी गोड लागली.

आता माझ्या मनातलं ऐका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे सोयरे भेटायला आले. बिस्किटांचे पुडे पलंगाखाली मावेनात, शेवटी शेळीनं खाल्ले. तुम्ही एसटीनं द्राक्षं घेऊन आलात, टाके बघितलेत, आणि बहिणीला नवा गुडघा बसवलाय म्हणून स्टँडवर कंडक्टरलासुद्धा सांगितलंत. ह्या दुखण्याला एक पुडा आला नाही. गुडघ्याची इज्जत आणि मनाची बेइज्जती, हा कुठला कायदा? आणि गुडघा दुखत होता तेव्हा मला मरावंसं वाटलं नव्हतं, अण्णा. ह्या दुखण्यात वाटलं. ह्याचाच मला राग आहे, आणि तो तुमच्यावर आहे.

तेव्हा गुरुवार चालू राहील. वहिनींना नमस्कार, स्वप्नाला आशीर्वाद.

तुमची आज्ञा मोडणारी,
नीलम्मा

ता. क. पेडगावच्या पाहुण्यांना कळेल म्हणून फिकीर करू नका. मीच काल फोन करून मुलाच्या आईला सगळं सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, गुरुवारी किती वाजता असतं, आणि दुसऱ्या गावचं माणूस चालतं का? शेजारणीसाठी विचारते, म्हणाल्या. (हे वहिनींनासुद्धा बोलायचं नाही.) स्थळ काही मोडत नाही.

पुन्हा ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलंय. गुडघ्याला आला होतात, तसे ह्याला या. द्राक्षं नकोत, दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा पुरे. आत येऊन बसा आणि एकदा विचारा, "नीला, आता कसं वाटायलंय?" तेवढं जमलं नाही तर नुसतं बसा, चहा मी करते. पुढच्या रविवारी केस विंचरून दारात बसणार आहे.